नाकतोड्याच्या हाती कॅमेरा

एक नाकतोडा सायकलवर बसून घाईघाईने चालला आहे. त्याच्याजवळ तिपाईसकट चित्रपटाचा कॅमेरा आहे. एका हॉटेलाशी तो थांबतो, दबक्या पावलांनी आत शिरतो आणि एका खोलीच्या दाराला असलेल्या कुलपाच्या भोकाशी कॅमेऱ्याचे भिंग नेऊन हँडल फिरवू लागतो. खोलीत कोण आहे? खोलीत आहेत श्रीयुत भुंगेरे!

हे भुंगेरे महाशय ‘कामासाठी शहरात जातो’ असे घरी सांगून निघाले होते. प्रत्यक्षात ते जाऊन बसले नाचगाण्याच्या ठिकाणी. तिथली नर्तकी म्हणजे एक चतुर. नाकतोड्याचाही तिच्यावर लोभ होता. पण भुंगेऱ्यांनी त्याला धक्काबुक्की करून बाजूला सारले आणि नर्तकीला घेऊन ते हॉटेलात गेले. नाकतोडेबुवांचा धंदा चित्रपट काढण्याचा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. इकडे घरी सौ. भुंगेरे याही जपमाळ ओढीत बसलेल्या नाहीत. त्यांना भेटायला एक चित्रकार किडा आलेला आहे. श्रीयुत अचानक परत येतात, चित्रकार धुराड्यातून पळ काढतो, घरात रणकंदन होते. शेवटी श्रीयुत मोठ्या उदार मनाने बायकोला क्षमा करतात आणि तिला चित्रपट दाखवायला नेतात. पडद्यावर काय दिसावे? कुलपाच्या भोकातून टिपलेले स्वतः श्रीयुत! सौ. भुंगेरे छत्री उचलतात, श्रीयुत पडदा फाडून पलीकडे जातात, प्रोजेक्टरला आग लागते आणि अखेर नवराबायको दोघेही तुरुंगात एकमेकांशेजारी बसलेले दिसतात.

हा चित्रपट १९१२ साली मॉस्कोमध्ये तयार झाला. त्याचे नाव ‘कॅमेरामनचा सूड’. लांबी सुमारे बारा मिनिटे. मूकपट आहे, रंगीत नाही. आणि त्यातील सगळे नट खरोखरीचे किडे आहेत. फक्त ते मेलेले आहेत.

शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी हा विचित्र चित्रपट पाहणाऱ्याला खिळवून ठेवतो. आजच्या संगणकाने काढलेली चित्रे याहून हजारपटीने सफाईदार असतात. मग या थरथरत्या, अडखळत्या भुंगेऱ्यांची मोहिनी कशात आहे? माझे मत असे की, हा चित्रपट पाहताना दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. आपण फसतो, आणि आपण फसतो आहोत हे आपल्याला कळत असते. त्यामुळे हसू ओसरल्यावर ओठांवर एकच प्रश्न येतो : ‘हे केले कसे?’ हा प्रश्न विज्ञानाचा आहे. म्हणूनच विज्ञानाच्या एका शब्दाचाही ज्यात उल्लेख नाही, असा हा चित्रपट विज्ञानाच्या वर्गात दाखवावा असे मला वाटते.

भुंगेरे लढेनात!

चित्रपट काढणाऱ्याचे नाव लादिस्लास स्तारेविच. जन्म १८८२, मॉस्को, आईवडील पोलिश. लहानपण लिथुएनियात गेले. कीटकांचा त्याला भारी नाद. काउनास या गावातील संग्रहालयासाठी काम करताना त्याने निसर्गावरचे छोटे चित्रपट काढावयास सुरुवात केली.

युरोपातील जंगलात एक मोठा भुंगेरा आढळतो. शास्त्रीय नाव ‘लुकानस सेर्व्हस’. नराचे जबडे हरणाच्या शिंगांसारखे फुटलेले असतात. त्याची अळी कुजक्या लाकडात काही वर्षे काढते. प्रौढ भुंगेरा मात्र उन्हाळ्यातले काही आठवडेच जगतो. मादीसाठी नर एकमेकांशी झुंजतात, जबड्यांत पकडून प्रतिस्पर्ध्याला उचलून फेकतात. ही झुंज स्तारेविचला चित्रपटात टिपायची होती. अडचण अशी की हे भुंगेरे तिन्हीसांजेला हिंडणारे, आणि त्या काळच्या फिल्मला तर भरपूर प्रकाश हवा. प्रखर दिवे लावले की भुंगेरे झुंजणे सोडून निपचित पडत.

इथे दुसरा कोणी असता तर नाद सोडून देता. स्तारेविचने मेलेले भुंगेरे घेतले, त्यांचे पाय सुटे केले आणि तार व मेण वापरून ते पुन्हा अशा रीतीने जोडले की हवे तसे वळवता यावेत. मग भुंगेऱ्याला एका स्थितीत उभे करायचे, एक चित्र घ्यायचे, पाय किंचित हलवायचा, पुन्हा एक चित्र घ्यायचे. अशी चित्रे भराभर पडद्यावर टाकली तेव्हा मेलेले भुंगेरे झुंजू लागले! ही झुंज त्याने १९१० साली चित्रित केली.

ही युक्ती कीटकांच्या बाबतीतच इतकी छान का जमली, याचेही कारण आहे. आपला सांगाडा मांसाच्या आत असतो. कीटकाचा सांगाडा अंगाबाहेर, कायटिनयुक्त कठीण कवचाचा असतो. प्राणी मेला आणि आतले मऊ भाग वाळले, तरी कवच जसेच्या तसे राहते. पायही सांध्यासांध्यांचे, नळीसारखे. म्हणजे निसर्गाने जवळजवळ तयार बाहुलीच हातात दिली म्हणा ना!

स्तारेविचचे किडे लंडनला पोचले तेव्हा एका रशियन शास्त्रज्ञाने जिवंत किड्यांना शिकवून तयार केले आहे, असे तिथल्या वृत्तपत्रांनी लिहिल्याची हकीकत सांगितली जाते. सर्कशीतले हत्ती शिकतात, मग भुंगेरे का नाही? लोकांना हे पटले, कारण ‘केले कसे?’ हा प्रश्न त्यांनी पहिल्या उत्तरापाशीच सोडून दिला.

अकरा हजार चित्रे

आता थोडा हिशेब करू. मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. वेग कमीजास्त होई, पण आपण सेकंदाला १६ चित्रे धरू. बारा मिनिटांचे सेकंद ७२०. म्हणजे एकूण चित्रे ११,५२०. प्रत्येक चित्रासाठी भुंगेऱ्याचा पाय, मिशी, छत्री, पंख हे सारे हलवायला अवघे एक मिनिट लागले असे समजा. तरी १९२ तास झाले. रोज आठ तास काम केले तर २४ दिवस. आणि मध्येच एखाद्या भुंगेऱ्याला चुकून कोपर लागले, तर तो आधी नेमका कुठे होता हे आठवून पुन्हा उभा करायचा!

या पद्धतीत हाताची खूण राहून जाते. अमेरिकेत १९३३ साली निघालेल्या ‘किंग काँग’ या चित्रपटातील प्रचंड वानर म्हणजे केसाळ कातडे चढवलेली छोटी बाहुली होती. दर चित्रागणिक कलाकाराची बोटे त्या केसांना लागत, म्हणून पडद्यावर वानराचे केस सारखे हलताना दिसतात. दोष खरा, पण वानर रागाने फुलून आल्यासारखे वाटते.

हालचाल अडखळती दिसण्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. धावत्या मुलाचे चित्र घेताना कॅमेऱ्याचे झाकण जेवढा वेळ उघडे असते तेवढ्यात मूल थोडे पुढे सरकते, म्हणून प्रत्येक चित्र किंचित पुसट येते. ही पुसटता पडद्यावर हालचालीला सलगपणा देते. स्तारेविचचा भुंगेरा चित्र घेताना अगदी स्थिर असतो, त्यामुळे प्रत्येक चित्र स्वच्छ येते. हा स्वच्छपणाच आपल्या डोळ्यांना खटकतो आणि ‘इथे काहीतरी युक्ती आहे’ असे सांगतो.

हालचाल कुठे असते?

पडद्यावर भुंगेरा चालतो असे आपण म्हणतो. पण तो तर कधीच चालला नाही! मेलेला भुंगेरा चालला नव्हता, फिल्मवरचे चित्रही चालत नाही. मग चालणे आहे कुठे?

दृष्टिसातत्यामुळे हे घडते, असे उत्तर आपण शाळेत पाठ करतो : डोळ्यांत पडलेली प्रतिमा क्षणभर टिकते, तोवर पुढची येते. हे उत्तर अपुरे आहे. नुसते तेवढेच असते तर जुन्या प्रतिमेवर नवी प्रतिमा पडून आपल्याला दोन-दोन पाय, चार-चार मिशा दिसल्या असत्या. हालचाल दिसली नसती. दृष्टीच्या या गुणामुळे पडदा लुकलुकताना दिसत नाही, एवढे म्हणता येईल. हालचालीचा खुलासा त्याने होत नाही.

मौज अशी की हा खुलासा शोधणारा महत्त्वाचा निबंधही १९१२ सालीच प्रसिद्ध झाला. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे माक्स व्हेर्टहाइमर या मानसशास्त्रज्ञाने दोन स्थिर रेषा एकीमागून एक दाखवण्याचे प्रयोग केले. दोहोंमधील अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाइतके असले की पाहणाऱ्याला आधी एक, मग दुसरी रेषा दिसे. अंतर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतके कमी केले की दोन्ही एकदमच दिसत. पण या दोहोंच्या मध्ये, सुमारे ६० मिलिसेकंदांच्या आसपास, एक रेषा इकडून तिकडे सरकताना स्पष्ट दिसे. मधल्या जागेत तर काहीच नव्हते! ती हालचाल पाहणाऱ्याच्या मेंदूने तयार केली होती.

मेंदूत हालचाल ओळखण्याचे काम करणारा एक खास भाग आहे, हे पुढे कळले. त्या भागाला इजा झालेल्या एका स्त्रीची हकीकत १९८३ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. तिला वस्तू दिसत, रंग दिसत. हालचाल मात्र दिसत नसे. कपात चहा ओतताना तिला चहाची धार गोठल्यासारखी दिसे, आणि कप भरत आला हे कळतच नसे. आपल्याला जे इतके सहज वाटते, ते किती कामाचे असते पाहा!

तात्पर्य, ‘कॅमेरामनचा सूड’ हा चित्रपट निम्मा स्तारेविचने केला आहे आणि निम्मा तुमचा मेंदू करतो.

चेहरा नाही, तरी राग दिसतो

भुंगेऱ्याला हसता येत नाही, रडता येत नाही. त्याच्या डोक्यावर कठीण कवच असते. गाल नाहीत, भुवया नाहीत, ओठ नाहीत. डोळे संयुक्त असतात आणि त्यांना पापण्या नसल्याने ते मिटतही नाहीत. तरीही सौ. भुंगेरे रागावल्या आहेत हे आपल्याला लगेच कळते. कशावरून? त्या वळतात कशा, मिशा हलतात कशा, छत्री उगारली जाते कशी, यावरून.

१९४४ साली अमेरिकेत फ्रिट्झ हायडर आणि मॅरिअन सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी असाच एक चित्रपट तयार केला. कीटकही नाहीत, बाहुल्याही नाहीत. पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकोनी घर. पुठ्ठ्याचे तुकडे थोडेथोडे सरकवून एकेक चित्र घेतलेले. पाहणाऱ्यांना सांगितले, ‘काय पाहिलेत ते लिहा.’ त्यांच्या पहिल्या गटात ३४ जण होते. त्यांतील एकाने तेवढे जवळजवळ सारे वर्णन भूमितीच्या भाषेत केले. बाकीच्यांनी या आकृत्यांना सजीव मानले. मोठा त्रिकोण कसा दांडगाई करतो, वर्तुळ कसे घाबरते, अशा गोष्टी लिहिल्या!

हालचालीत हेतू शोधण्याची सवय आपल्या मेंदूला फार जुनी आहे. झुडपात काही सळसळले तर ‘कोण आहे?’ असे विचारणारा प्राणी वाचतो. पण हीच सवय आपल्याला चकवतेही. ढगांत राक्षस दिसतो, ग्रहांना आपला राग आला असे वाटते. भुंगेऱ्याच्या चित्रपटाला हसताना आपण आपल्याच मेंदूची ही खोड पाहत असतो. मला तर ही त्याची सर्वांत मोठी देणगी वाटते.

दादरची कुंडी

आता १९१२ सालीच मुंबईत काय चालले होते ते पाहा. धुंडिराज गोविंद फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन नुकतेच परतले होते. चित्रपटासाठी भांडवल हवे, आणि भांडवल देणाऱ्याला तर कॅमेरा काय करू शकतो ते दाखवायला हवे. दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर पक्का बसवला आणि दिवसांमागून दिवस एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर जमीन फोडून कोंब वर आला, पाहता पाहता त्याचे रोपटे झाले. ‘अंकुराची वाढ’ हा तो लहानसा चित्रपट. तो पाहून त्यांना कर्ज मिळाले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. पुढे १९१५ साली त्यांनी आगकाड्या एकेक चित्रागणिक सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ही काढली. फ्रान्समध्ये एमील कोल याने १९०८ साली आगकाड्यांचा असाच खेळ केला होता.

मॉस्कोचे भुंगेरे आणि दादरचा वाटाणा, दोन्हींची युक्ती एकच : थांबायचे, एक चित्र घ्यायचे, पुन्हा थांबायचे. तरी दोहोंत एक मोठा भेद आहे. दोन चित्रांच्या मधल्या वेळात वाटाण्याला कोण हलवतो? निसर्ग. भुंगेऱ्याला कोण हलवतो? माणसाचा हात. वाटाण्याच्या चित्रपटात खरी, पण फार सावकाश चालणारी हालचाल आपल्या डोळ्यांना पेलेल इतकी वेगवान केली आहे. वाटाण्याचे तणावे आधार शोधीत हवेत गोल फिरतात. एरवी हे आपल्या लक्षातही येत नाही. भुंगेऱ्याच्या चित्रपटात नसलेली हालचाल निर्माण केली आहे. एक शोध आहे, दुसरी रचना आहे. पडद्यावर पाहताना मात्र दोन्ही सारखीच खरी वाटतात. हा भेद डोळ्यांना कळत नाही; तो विचारून, तपासूनच कळतो.

काही आक्षेप

काही शिक्षक म्हणतील, ‘अहो, कीटकांना सहा पाय असतात हे आम्ही शिकवतो, आणि तुम्ही दोन पायांवर चालणारे, छत्री घेऊन मारामारी करणारे भुंगेरे दाखवा म्हणता! मुलांच्या डोक्यात भलतेच बसेल.’

आक्षेप रास्त आहे. खरा भुंगेरा चालताना एका बाजूचा पुढचा व मागचा पाय आणि दुसऱ्या बाजूचा मधला पाय असे तीन पाय एकदम उचलतो. उरलेले तीन तिवईसारखे त्याला तोलून धरतात. चित्रपटातले भुंगेरे असे चालत नाहीत. पण माझा अनुभव असा की चूक शोधण्याइतके मुलांना दुसरे काही आवडत नाही. चित्रपट दाखवावा आणि विचारावे, ‘यात कीटकशास्त्राच्या चुका किती?’ मग मुंग्या कशा चालतात ते पाहायला मुले आपण होऊन अंगणात जातील. शिवाय बाहुलीला खरी चाल द्यायची तर खरा प्राणी बारकाईने पाहावाच लागतो. १९९३ साली पडद्यावर आलेल्या ‘जुरासिक पार्क’ चित्रपटातील डायनोसॉर बाहुल्यांऐवजी संगणकाने काढायचे ठरले, तेव्हाही बाहुल्या हलवणाऱ्या कलावंतांना घरी पाठवले नाही. प्राणी वजन कसे पेलतो, पाऊल कसे टाकतो, हे ज्ञान त्यांच्यापाशी होते.

दुसरा आक्षेप कथेबद्दल. नवराबायकोच्या लपवाछपवीची गोष्ट लहान मुलांपुढे कशाला? मान्य. हा चित्रपट मी नववी-दहावीच्या मुलांना दाखवीन, पाचवीच्या नाही. पाचवीला वाटाण्याचा कोंब आणि आगकाड्या पुरेत.

तिसरा आक्षेप मेलेल्या किड्यांबद्दल. तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चित्रपटासाठी एकही किडा मारण्याची आज गरज नाही. मातीची बाहुली, वाटाणे, बटणे यांवर काम भागते.

पुरावा कशाला म्हणावे?

आता या गोष्टीतील खरी गंमत पाहा. श्रीयुत भुंगेरे पकडले गेले ते कशामुळे? कॅमेऱ्यामुळे. पडद्यावर दिसले म्हणजे घडले, अशी सौ. भुंगेरे यांची खात्री, आणि म्हणून छत्री उगारली गेली. चित्रपटातील सगळी पात्रे कॅमेऱ्याला खोटे बोलता येत नाही असे धरून चालतात. आणि हेच सांगणाऱ्या चित्रपटात कॅमेऱ्याने आपल्याला दाखवलेली एकही हालचाल घडलेली नाही! स्तारेविचने हा विनोद मुद्दाम केला की नकळत झाला, त्याने काही बिघडत नाही. विनोद तिथे आहे आणि तो आपल्यावर आहे.

१९१२ साली अशी एक खोटी हालचाल निर्माण करायला हजारो चित्रे आणि कित्येक दिवस लागत. आज संगणक न घडलेल्या घटनेचे हुबेहूब चलच्चित्र थोड्या वेळात तयार करतो. त्यात हालचाल अडखळत नाही, केसांवर बोटांची खूण उमटत नाही. ते तुमच्या घरातल्या फोनवर येते, आणि कोणीतरी लगेच छत्री उगारतो. कोणाची बदनामी होते, कुठे भांडणे पेटतात. अशा वेळी मुलांना ‘चित्रे पाहू नका’ असे सांगून भागणार नाही. ‘पडद्यावर दिसले, एवढ्यावरून ते घडले असे ठरत नाही, ते कोणी काढले, कसे काढले, दुसरा कोणता पुरावा आहे, ते विचारा’ हे त्यांच्या अंगी बाणायला हवे. उपदेशाने ते बाणत नाही. ज्याने एकदा स्वतःच्या हाताने खोटी हालचाल तयार केली आहे, त्याला ते आपोआप कळते.

करून पाहा

त्यासाठी किडे नकोत, तार नको. वर्गातला फळा, खडू, पट्टी आणि कोणाच्या तरी घरचा चित्रे घेणारा फोन एवढे पुरे. फोन बाकावर पुस्तकांच्या आधाराने पक्का बसवा; तो जराही हलता कामा नये. खिडकीतले ऊन टाळा, कारण ढग आला की उजेड बदलतो आणि चित्रपट लुकलुकतो.

फळ्याच्या वरच्या बाजूला रुपयाएवढा पांढरा चेंडू काढा. चित्र घ्या. चेंडू पुसा, १७ सेंटिमीटर खाली नवा काढा, चित्र घ्या. असे पाच वेळा करा. चेंडू एकूण ८५ सेंटिमीटर खाली येईल. ही सहा चित्रे सेकंदाला बारा या वेगाने दाखवा. चेंडू खाली येईल खरा, पण दोरीने सोडल्यासारखा येईल. कोणीही म्हणेल, ‘हे खरे नाही.’

आता अंतरे बदला. पहिले ३.४ सेंटिमीटर, मग १०.२, मग १७, मग २३.८ आणि शेवटी ३०.६. बेरीज तीच, ८५. चित्रेही तेवढीच. पण या वेळी चेंडू खरोखर पडेल! या अंतरांचे प्रमाण पाहा : १, ३, ५, ७, ९. पडणारी वस्तू सारख्या कालखंडांत विषम संख्यांच्या प्रमाणात अंतरे कापते, हा गॅलिलिओचा नियम. सेकंदाच्या बाराव्या भागात वस्तू सुमारे ३.४ सेंटिमीटर पडते, हे गुरुत्व त्वरणाच्या सूत्रावरून तुम्ही स्वतः पडताळून पाहा.

म्हणजे खडूचे खोटे चित्र खरे वाटायला हवे असेल तर त्याला निसर्गाचा खरा नियम पाळावा लागतो. आणि तुमच्या डोळ्यांना तो नियम सूत्र शिकण्याआधीपासूनच ठाऊक होता; नाहीतर पहिला चेंडू खोटा आहे हे तुम्हाला कळले कसे असते?

शिक्षकांना माझी विनंती एवढीच. वर्षातून एक तास यासाठी काढा. आधी भुंगेऱ्यांचा चित्रपट दाखवा, पोटभर हसू द्या. मग काही न सांगता खडू आणि पट्टी मुलांच्या हाती द्या. आणि मुलांनो, यापुढे फोनवर काही चमत्कारिक दिसले आणि हात छत्रीकडे जाऊ लागला, तर क्षणभर थांबा. सौ. भुंगेरे यांनी जे विचारले नाही, ते तुम्ही विचारा : ‘हे केले कसे?’